दादाच्या बाकावरची चिमणी

काचवाला मुळातच अबोल. खिडक्यांना आणि दुकानांच्या कपाटांना काचा बसवणं हे त्याचं काम. हातात काच असताना तोंड चालवलं तर बोटं जातात, असं तो म्हणायचा. त्याची बायको इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची आणि घरी आल्यावर दोघांच्या वाटचं बोलायची.

पहिला मुलगा झाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी काचवाल्याला समोर बसवून सांगितलं, की बाळाला डाउन सिंड्रोम आहे. हे जन्मापासूनचं आहे, औषधानं जाणारं नाही. मुलगा शिकेल, पण सावकाश शिकेल. त्यातलं ‘जाणारं नाही’ एवढंच त्याच्या कानात शिरलं. तो तसाच उठून ठरलेल्या गिऱ्हाइकाकडे गेला आणि अख्खी काच भलत्याच मापाची कापून बसला. पुढे मुलगा चालायला लागला, अडखळत का होईना बोलायला लागला, आणि बोलायला लागला तो थेट हुकूमच सोडायला लागला. “चहा आण! दार लाव!” म्हणून सगळे त्याला बॉस म्हणायचे. त्याच्या पाठची मुलगी दिवसभर टिवटिव करायची, म्हणून ती चिमणी.

बॉसला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा एकेक शाळा नन्नाचा पाढा वाचायला लागली. शेवटी एका ठिकाणी मुख्याध्यापक म्हणाले, “धाकटी बहीण शेजारी बसणार असेल तर घेतो. एरवी आमच्या बाईंना जमायचं नाही.” नवरा-बायकोला आभाळ ठेंगणं झालं. दोघं भावंडं एका वर्गात, एका बाकावर बसायला लागली. चिमणी दादाचं दप्तर भरायची, त्याच्या बुटांच्या नाड्या बांधायची. बाईंनी त्याला काही विचारलं की उत्तर हिचं तयार. आई धोबीखान्यात कौतुकानं सांगायची, “आमची चिमणी आहे ना, मला बॉसचा घोर नाही. ती काही त्याला सोडून जायची नाही.”

चौथीचं वर्ष संपत आलं तेव्हा वर्गाच्या बाईंनी काचवाल्याला बोलावलं. बॉसचंच काहीतरी असणार, असं धरून तो मनाची तयारी करून गेला.

“बॉसला आणखी एक वर्ष याच वर्गात ठेवू या,” बाई म्हणाल्या. “त्याचा पाया पक्का होईल. पण मी तुम्हाला बोलावलं ते मुलीसाठी. तिलाही मागे ठेवावं लागेल.”

“कुणाला?”

“चिमणीला. काही महिने झाले, तिला काहीच येईनासं झालंय. पाढे विसरलीय, साधी बेरीज चुकतेय. घरी काही झालंय का?”

गल्लीतली मोठी पोरं जिच्याकडे गणितं घेऊन यायची, ती नापास? त्यानं तिचे डोळे तपासून घेतले, कान तपासून घेतले. सगळं ठणठणीत. बायकोच्या मनात भलतंच आलं. “हिलाही काही...” एवढं बोलली आणि पदर तोंडाला लावून बसली.

सुट्टीच्या दिवशी तो चिमणीला कामावर घेऊन गेला. चपलांच्या दुकानात कपाटाला काचा बसवायच्या होत्या. फळीचं माप घेत तो पुटपुटला, “साडेबावीसचे तीन तुकडे... म्हणजे पासष्ट.”

“साडेसदुसष्ट, बाबा,” चिमणी खोक्यावर बसल्या बसल्या म्हणाली. आणि लगेच जीभ चावली.

काचवाल्यानं मापाची फीत खाली ठेवली. “हे येतं, मग बाईंपुढे का येत नाही?”

ती बुटाच्या टोकानं फरशी घासत राहिली. मग म्हणाली, “बाई मागेच कुणाला तरी सांगत होत्या, दादाला चौथीतच ठेवायचं म्हणून. मी पास झाले तर दादा एकटाच मागे राहील. आई म्हणते ना, मी त्याला सोडून जायची नाही म्हणून.”

काचवाला मटकन खाली बसला. दुकानदार पाणी घेऊन धावला. त्याला वाटलं, हाताला काच लागली.

घरी त्यानं हे बायकोला सांगितलं, तशी तिनं चिमणीला जवळ ओढलं. “अगं, मी ते प्रेमानं म्हणायचे गं!” ती पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत राहिली. चिमणी हमसून हमसून रडायला लागली. बॉस कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होता. तो उठला, मधोमध येऊन उभा राहिला.

“मला चिमणी नको,” तो म्हणाला.

“असं काय बोलतोस रे?” आई दचकली.

“बाकावर नको. बाई मला विचारतात. ही बोलते. मी... मी सांगणार असतो. ही आधीच बोलते.” दम घेऊन त्यानं हुकूम सोडला, “मला मागच्या बाकावर जाड्याशेजारी बसायचंय!”

चिमणीचं रडणं थांबलं. इतक्या वर्षांत हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. काचवाल्यानं खिशातली फीत काढली, एका आकड्यावर बोट ठेवलं आणि बॉससमोर धरली. बॉस बघत राहिला. चिमणीचे ओठ हलायला लागले, तशी आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. वेळ गेला, आणखी वेळ गेला.

“चाळीस... आणि दोन,” बॉस म्हणाला. “बेचाळीस.”

बरोबर होतं. ‘याला आकडे येत नाहीत’ असं शाळेनं धरलं होतं, घरानंही धरलं होतं. आई त्याच्याकडे परक्या मुलाकडे बघावं तशी बघत राहिली.

काचवाल्यानं शाळेत जाऊन सगळं सांगितलं. मुख्याध्यापकांनी कुरकुर केली, पण बाई ठाम राहिल्या. चिमणीची पुन्हा परीक्षा झाली, ती पाचवीत गेली. बॉस चौथीत राहिला, त्याच्यासारखाच मागे राहिलेल्या जाड्याच्या शेजारी. दोघं मिळून इतका दंगा करायला लागले की बाईंनी त्यांनाही एकदा वेगळं बसवलं, आणि बॉसनं ते घरी मोठ्या अभिमानानं सांगितलं.

हाल झाले ते चिमणीचे. मधल्या सुट्टीत ती चौथीच्या दाराशी घुटमळायची, आणि बॉस तिला “जा, तुझ्या वर्गात जा!” म्हणून पिटाळायचा. मैत्रीण कशी करतात, हेच तिला माहीत नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती. काही आठवडे सकाळी उठलं की तिच्या पोटात दुखायचं. मग हळूहळू एका मुलीचं नाव घरात ऐकू यायला लागलं.

एकदा काचवाला दारात बसून खिडकीच्या चौकटीत काचेच्या कडेनं लांबीचा लगदा भरत होता. चिमणी शेजारी येऊन बसली.

“बाबा, मला कधी कधी दादाचा कंटाळा आला, तर चालेल?”

तिच्या वयापेक्षा फार मोठा प्रश्न होता तो, आणि त्याला स्वतःला तो इतक्या वर्षांत विचारायचं धाडस झालं नव्हतं.

“चालेल,” तो शेवटी म्हणाला. “मलाही येतो.”

“मला पण येतो!” आतून बॉस ओरडला. “तुमचा!”