चार ओहमच्या दोन पेट्या

"मी विसरत नाही, फक्त आवाज बारीक ठेवते," असं ती एकदा म्हणाली होती. चहा पिता पिता, सहज. ऐकणाऱ्याला वाटलं, गाण्याबद्दलच बोलतेय.

वाद्यांच्या दुकानात तिला सगळे ओहमताई म्हणत. बेस गिटारसाठी कॅबिनेट, म्हणजे स्पीकर बसवलेली ती जडशीळ लाकडी पेटी, घ्यायला कुणीही आलं की हिचा पहिला प्रश्न ठरलेला: "तुमच्या अँपला किती ओहमपर्यंत झेपतं?" गिऱ्हाईक बावचळलं की ती समजावून सांगे. अँप म्हणजे गिटारचा आवाज वाढवून पेटीला पाठवणारं यंत्र, आणि ओहम म्हणजे पेटी त्याच्या करंटला किती अडवते त्याचं माप. आकडा जितका लहान, तितका अँपवर ताण जास्त. आणि चार ओहमच्या दोन पेट्या एकाच अँपला जोडल्या की आठ होत नाहीत, दोन होतात. तिथेच अँप मरतो.

"आणि वॅट?"

"पेटीच्या मागच्या पट्टीवर दोन आकडे असतात. मोठा मिरवण्यापुरता, छोटा खरा. अँपची ताकद छोट्याशी जुळवा." मग ती किंचित हसे. "माणसं पारखतानाही छोटाच बघावा."

दुकानात एक नियम होता, तिनेच घातलेला. गिऱ्हाइकाने सगळं स्वतः जोडायचं, स्वतः वाजवायचं आणि तोवर विकणाऱ्याने हात मागे बांधून उभं राहायचं. उद्या काही जळलं तर हात कुणाचा होता, याचा वाद नको. मालकाला नियम आवडला. तो कुठून आला, हे त्याने कधी विचारलं नाही.

तो एका जळक्या वासातून आला होता.

तिचे बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. जेवणाच्या टेबलावर त्यांनी एक अँप स्वतः बांधला; कथलाची तार ती धरायची. दादा गायचा, ती त्याच्या बँडमध्ये बेस वाजवायची. एका कार्यक्रमाच्या मध्यंतरात दादाने कुणाची तरी दुसरी पेटी आणून त्याच अँपला जोडली. आवाज दणदणीत हवा होता. थोडा वेळ दणदणीत झालाही. मग धूर निघाला. ती पेटी त्याच संध्याकाळी तिच्या मालकाकडे परत गेली, आणि घरी तिने चप्पल काढायच्या आत दादा सांगून मोकळा झाला: "हिने आवाज शेवटपर्यंत पिळला."

"दादाने दुसरी पेटी जोडली होती," ती म्हणाली.

"भावावर ढकलू नकोस," बाबा म्हणाले. जळक्या अँपचा वास घेत ते एवढंच पुटपुटले, "पोरीचा हातच जड."

बाबांनी पुन्हा काही बांधलं नाही. बँडला दुसरा बेसवाला मिळाला. तिची गिटारही त्याच्याकडे गेली. चार पाहुणे जमले की आत्या हटकून म्हणायची, "हिच्या हातात काचेचं काही देऊ नका गं, अँप खाल्लाय तिने!" सगळे हसत. बाबाही.

दुकानातली नोकरी तिने वाद्यांच्या ओढीने धरली नव्हती. बँडवाल्याला कधी ना कधी दुकानाची पायरी चढावीच लागते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती थांबली. कोळी थांबतो तशी, कोपऱ्यात, जाळ्याला धक्का न लावता.

आणि दादा आला. पोट सुटलेला, गळ्यात रुमाल. "अगं, नवीन बेससेट घ्यायचाय. तुझ्याच दुकानातून घेतो म्हटलं, घरचं माणूस."

"बाबांना घेऊन ये," ती म्हणाली. "त्यांच्या पसंतीने घे."

"वा! म्हातारा खूश होईल."

दुसऱ्या दिवशी तिने आठ ओहमच्या पेट्या मांडल्या, चार ओहमच्याही मांडल्या. सगळ्या पट्ट्या समोर वळवून ठेवल्या. काहीही लपवलं नाही. अँप निवडला तो मात्र ताण वाढला की आपण होऊन बंद पडणारा. अँपने तिचं काय वाकडं केलं होतं? बाबांना तिने स्टुलावर बसवलं, अँपच्या अगदी जवळ. मग हात मागे बांधले.

दादाने दिसायला देखण्या दोन पेट्या ओढल्या. चार आणि चार.

"पट्टी वाचलीस?"

"तू वाच. मी वाजवतो."

त्याने तारा खुपसल्या, बटण फिरवलं, जाड तार छेडली. काचेची कपाटं थरथरली. बाबांनी मान डोलावली. दादाने आवाज आणखी चढवला, आणखी. मग लाल दिवा लागला आणि दुकानात एकदम शांतता पडली.

"हे काय? फडतूस माल ठेवता तुम्ही!"

बाबा वाकले. त्यांचं बोट एका तारेवरून दुसऱ्या तारेवर सरकत गेलं. "दोन्ही चारच्या. एका अँपवर?"

"मग? दोन पेट्या, डबल आवाज. मी कायम असंच लावतो. तुमच्या त्या अँपलाही दुसरी पेटी मीच तर लावली होती, बाबा. काय वाजला होता तो, आठवतं..."

त्याचं तोंड उघडंच राहिलं.

बाबांचं बोट तारेवर थिजलं. मग त्यांनी वर पाहिलं, तिच्या तोंडाकडे नव्हे, खांद्यांकडे. हात कुठे आहेत ते शोधत असल्यासारखं.

"पोरी," ते म्हणाले, "तू सांगितलं होतंस."

दादा खोकला. "अहो जाऊ द्या ना बाबा, कधीची गोष्ट..."

"तू गप्प बस!" आणि तिला, हळू, "बोल काहीतरी. शिव्या दे. काहीही बोल."

तिच्याकडे शब्द होते. वर्षानुवर्षं तिने ते घासले होते, धार लावून ठेवले होते. प्रत्येक शब्द कुठे रुततो, हेही तिला माहीत होतं. पण बाबांच्या डोळ्यांत तिला दिसलं की त्यांना आता तेच हवंय. ती बोलली की ते रडणार, आणि रडले की मोकळे होणार.

बाबांनी हात पुढे केला. तिचे हात मागेच राहिले.

लाल दिवा तसाच जळत होता. तिने खुंटीवरची पिशवी खांद्याला अडकवली, स्टुलाला वळसा घातला, दार ढकललं आणि निघून गेली.