बार्बाडोसला निघालेली माणसं

अल नहदात राहणाऱ्या कुणालाही बार्बाडोसला जायचं नसतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शारजाच्या या टोकाला, दुबईच्या अगदी हद्दीवर, जी माणसं राहतात त्यांना कोचीला जायचं असतं, मुंबईला, लाहोरला. फार तर ईदच्या सुट्टीत चार दिवस जॉर्जियाला, कारण तिथं बर्फ दिसतो. कॅरिबियन समुद्रातलं एवढंसं बेट, तिकडे कोण मरायला जातंय! आणि तरी उल्हास मोकाशींच्या टेबलाच्या खणात बार्बाडोसची एक जाडजूड फाईल होती. तीन वर्षांत त्यांनी अकरा कुटुंबं तिकडे धाडली होती. त्यातलं पहिलं खरं होतं. बाकीची दहा उल्हासरावांनी जन्माला घातली होती.

आता तुम्ही म्हणाल, माणूस लबाड दिसतोय. छे हो! सत्तावीस वर्षं एकाच ट्रॅव्हल एजन्सीत, एकाच काउंटरवर बसलेला माणूस. कुणाचं पासपोर्टवरचं स्पेलिंग चुकलं तर त्या माणसापेक्षा यांनाच जास्त घाम फुटायचा. खोटं बोलायची सवय नाही, म्हणून तर प्रत्येक खोट्या कुटुंबाची नोंद फाईलमध्ये लिहून ठेवावी लागायची. कोण कुठलं, कुणाला मधुमेह, कोण कांदालसूण खात नाही. न जाणो, आपलं आपणच विसरलो तर?

हे सगळं ते करायचे मिहिकासाठी. मिहिका त्यांची एकुलती एक मुलगी. जन्म शारजाचा, शाळा शारजाची, डॉक्टर व्हायला म्हणून बार्बाडोसला गेली आणि ब्रिजटाउनमधल्या एका दवाखान्यात चिकटली. तिची आई, रंजिता, होती तोवर सगळं सुरळीत होतं. दर शनिवारी फोन. मायलेकी तासतासभर बोलायच्या, कशावर म्हणून विचारू नका. शेवटी फोन उल्हासरावांच्या हातात यायचा. ते विचारायचे, "जेवलीस का? पैसे आहेत ना?" ती म्हणायची, "हो बाबा, ऑल गुड." की फोन परत आईकडे. बापलेकीचं बोलणं म्हणजे एवढंच, आणि दोघांनाही त्यात काही कमी वाटत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी रंजिताबाई आठवड्याभराच्या तापात गेल्या. त्यानंतर शनिवारी ऑफिसातूनच फोन लागायचा, "जेवलीस का?" होऊन जायचं, "पैसे आहेत ना?" होऊन जायचं, आणि मग दोन्हीकडे नुसता श्वास. एकदा तर फोन बिघडला असं समजून उल्हासरावांनी कॉलसाठी वापरायचं ते बोटिम ॲप काढून पुन्हा टाकलं. बिघडलं काहीच नव्हतं. बोलायला काही नव्हतं. दोन मिनिटं, कधी दीड. मग घरी जाऊन सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्यानं वरणभाताचा कुकर लावायचा. तिसरी शिट्टी झाली की त्या घरात आवाज म्हणून उरायचा नाही.

अशात एक दिवस उपेंद्र दातार नावाचे गृहस्थ आले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, बायकोला कुठंतरी कुणीच जात नाही अशा ठिकाणी न्यायचंय म्हणाले. उल्हासराव म्हणाले, बार्बाडोस. तोंडातून निघून गेलं. मग माहिती हवी म्हणून शनिवारी मिहिकाला सहज विचारलं, "अगं, आमची एक पार्टी येतेय तिकडे. काय सांगू त्यांना?"

आणि पोरगी बोलायला लागली. चाळीस मिनिटं! "बाबा, फर्स्ट थिंग, मिक्सर घेऊन येऊ नका म्हणावं. इथं एकशे दहा व्होल्ट, आपला शारजाचा मिक्सर नुसता कण्हत राहतो. मी आणला होता, आय नो. आणि ते मिलिटरीसारखे ठिपक्याठिपक्यांचे कपडे अजिबात नाही, इथं कायद्यानं बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा. टॅक्सीला मीटर नसतो, बसायच्या आधी भाडं ठरवायचं. आणि दुकानात शिरलं की आधी गुड मॉर्निंग म्हणायचं. नाही म्हटलं तर लोकांना राग येतो. मी पहिला महिनाभर म्हणत नव्हते, सगळे मला शिष्ट समजायचे."

उल्हासराव लिहून घेत होते. लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आलं, की आपली मुलगी तिकडे पहिला महिनाभर शिष्ट ठरली होती, हे आपल्याला आज कळतंय.

दातार जाऊन आले, खूश होऊन गेले. पुढल्या शनिवारी पुन्हा "जेवलीस का?" आणि पुन्हा श्वास. त्याच्या पुढल्या शनिवारी उल्हासरावांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "आणखी एक पार्टी आहे गं. नाशिकची. म्हातारा-म्हातारी, गुडघे दुखतात दोघांचे."

झालं! तिथून जी गाडी सुटली ती थांबेना. गुडघेवाल्यांसाठी कळलं की कुठल्या किनाऱ्याला पायऱ्या आहेत आणि कुठं वाळू सपाट. शाकाहाऱ्यांसाठी कळलं की तिथं आपल्यासारखाच नीरफणस मिळतो आणि मिहिका त्याचे काप करते, आई करायची तसे, पण तिला ते जमत नाहीत. बसथांब्यावर गावाचं नाव नसतं, फक्त शहराकडे की शहराबाहेर एवढंच लिहिलेलं असतं, आणि ती एकदा उलटी बस पकडून बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली होती, तिथं एका दगडावर बसून रडली होती. हे तिनं हसत सांगितलं. उल्हासरावांनी फाईलमध्ये "बस नीट बघून पकडावी" असं लिहिलं.

शेजारच्या काउंटरवर नोमान बसायचा, हैदराबादचा. शनिवारी चार वाजले की तो डोळे मिचकावायचा. "उल्हास भाई, आज कौन जा रहा है बार्बाडोस?" त्याला सगळं ठाऊक होतं. एकदा तो गंभीर होऊन म्हणाला, "हबीबी, खुद क्यों नहीं जाते? यल्ला, चलो, मैं टिकट निकालता हूँ."

हा प्रश्न मात्र उल्हासरावांना झोंबायचा. जायला का नको होतं! आपल्या लोकांची हमखास चूक कुठली, तेही त्यांना पाठ होतं. भारतीय पासपोर्टला बार्बाडोसचा व्हिसा लागत नाही हे कळलं की लोक उड्या मारत लंडनवरून तिकीट काढतात आणि दुबईच्या विमानतळावरच अडकतात, कारण लंडनला नुसतं विमान बदलायचं तरी ट्रान्झिट व्हिसा लागतो. इथला रेसिडन्स व्हिसा दाखवून तिथं काही भागत नाही. त्या ट्रान्झिट व्हिसाचा अर्ज उल्हासरावांनी स्वतःच्या नावानं दोनदा भरला होता आणि दोनदा पुसून टाकला होता. लेकीच्या घरी बोलावल्याशिवाय कसं जायचं? ती एकदा तरी म्हणू दे, "बाबा, ये." मग बघा कसा निघतो. पण ती कधी म्हणाली नाही. तिचं तिथं बस्तान बसलंय, मित्रमंडळी असतील, आपण जाऊन अडगळ कशाला व्हायचं, असं म्हणून ते गप्प बसायचे. वाट मात्र दर शनिवारी बघायचे.

मिहिका अधूनमधून म्हणायची, "त्यांना माझा नंबर दे ना." तेव्हा यांची तंतरायची. "नको गं, कस्टमर लोक, उगाच तुझ्या डोक्याला ताप," असं म्हणून वेळ मारून न्यायचे.

अकरावी पार्टी होती रामेश्वर काळे, बायको विनिता आणि बहात्तर वर्षांची आत्या सगुणाबाई. आत्याला मधुमेह, इन्सुलिन चालू. आत्या उल्हासरावांना फार छान जमली होती. इन्सुलिन विमानात कसं न्यायचं, उन्हात कसं जपायचं, तिथं कुठल्या दुकानात मिळतं, यावर मिहिका तीन शनिवार बोलली. राहायची जागासुद्धा तिनंच सुचवली, दवाखान्याजवळचं एक छोटं गेस्टहाउस. "हो हो, तिथंच बुक केलंय," उल्हासराव म्हणाले. "येत्या बुधवारी पोचतील." एवढं बोलून ते समाधानानं घरी गेले.

त्या बुधवारनंतरच्या शनिवारी त्यांनी फोन करायच्या आधी मिहिकाचाच आला. तिकडे सकाळचे आठही वाजले नव्हते.

"बाबा, ते रामेश्वर काळे वगैरे कुठे आहेत?"

"कुठे म्हणजे? तिथंच."

"नाहीयेत. मी गेस्टहाउसला फोन केला, त्या नावाचं कुणी आलंच नाही. काल शुक्रवार, म्हणून मीच ऑइस्टिन्सला गेले, किनाऱ्यावर दर शुक्रवारी मासे तळतात तिथं. तूच म्हणालास ना, ते फिश फ्रायला जाणार? प्रत्येक टेबलापाशी जाऊन विचारलं. आत्यांसाठी बिनसाखरेचा शिरा केला होता, बाबा. त्यांना काही झालं असेल तर? शुगर लो झाली असेल तर? मी पोलिसांना कळवू का?"

समोर एक बाई दोन मुलांचे पासपोर्ट घेऊन उभी होती. उल्हासरावांनी हातानंच तिला नोमानकडे जा म्हणून खुणावलं.

"मिहू, पोलिसांना नको. ते सुखरूप आहेत."

"तुला कसं माहीत?"

"ते नाहीतच गं. काळे नाहीत, आत्या नाही. कुणीच नाही. ते नाशिकचेही नव्हते. दातार तेवढे खरे होते."

मग ती हळूच म्हणाली, "मी पाच वेळा गेले होते, बाबा. ज्या ज्या वेळी तू तारीख सांगितलीस, त्या शुक्रवारी. मला वाटायचं, कुणीतरी मराठी बोलणारं भेटेल. एकदाही कुणी भेटलं नाही. मला वाटलं, तू त्यांना माझ्याबद्दल सांगितलं असशील आणि त्यांनाच मला भेटायचं नसेल."

उल्हासरावांना स्वतःची अशी लाज वाटली की काय सांगावं. पोरीचं एकटेपण जावं म्हणून नव्हे, आपलं जावं म्हणून हा सगळा खेळ मांडला, आणि तिकडे ती हातात डबा घेऊन टेबलांमधून हिंडत होती.

"पण का?" ती रडवेली झाली होती. "व्हाय वुड यू डू दॅट?"

"तू बोलावंस म्हणून," ते म्हणाले. "तुझ्या आईसारखं मला बोलता येत नाही गं. पार्टीचं विचारलं की तू बोलायचीस."

"आणि मला वाटायचं, तुला फक्त कामासाठी माझी आठवण येते. आई गप्पा मारायला फोन करायची, बाबा टिप्स घ्यायला करतो. एवढ्या लोकांना इकडे पाठवतो, पण स्वतःला काही यावंसं वाटत नाही."

नोमान पलीकडून बघत होता, ती बाईही बघत होती. उल्हासरावांनी कुणाकडे लक्ष दिलं नाही. तीन वर्षं ज्या दोन शब्दांची वाट बघितली तशाच दोन शब्दांसाठी ती पोरगीही तिकडे टपून बसली होती, हे त्यांना आत्ता, या घटकेला कळत होतं. त्यांनी मानपान गुंडाळून ठेवला.

"मिहू," ते म्हणाले, "मी येऊ का गं?"

"कधी?" तिनं विचारलं. इतक्या पटकन विचारलं, की काउंटरवर सगळ्यांदेखत उल्हासरावांना रडू फुटलं, आणि त्यांना तारीख सांगता येईना.