गाढा की गाठ?

"गाठ हाय," असं मी पडद्याआडून स्वच्छ ऐकलं. डॉक्टरीणबाई माझा फोटो उजेडाला धरून नर्सला सांगत होत्या. 

झालं असं, की महिनाभर छातीत दुखत होतं. तेव्हा बाहेरच्या मालाला देशाची दारं नुकतीच उघडली होती. हैदराबादच्या सुलतान बाजारात परदेशी साबण आले, तसं कोठीजवळच्या दवाखान्यात मॅमोग्राफीचं नवं मशीन आलं. मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे. दोन पाट्यांमध्ये छाती दाबून धरतात. दुखतं, पण पोळी लाटण्याइतक्या वेळात संपतं. मला तर त्या मशीनचं भारी अप्रूप. आमच्या गौलीगुड्यातली असा फोटो काढून घेणारी पहिली बाई मीच, अशा तोऱ्यात गेले होते. सोबतीला धाकटी जाऊ, सुमन.

भीती मला नव्हतीच. छातीचा कॅन्सर हा ब्रेड-बटर खाणाऱ्यांचा रोग, आपण ज्वारी खाणारे, असं मी बाकावर बसून शेजारच्या तेलुगू बाईला ऐकवलंही होतं. ती म्हणाली, चिंचेचा चारू, म्हणजे सार, पिणाऱ्यांना होत नाही. पलीकडच्या बेगमसाहेबांचं मत आणखी तिसरं.

आणि आता हे! बाहेर येऊन मी सुमनला म्हटलं, "गाठ आहे म्हणतात गं." आणि रडू लागले.

सुमन रडली नाही. तिनं इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली केला. "अक्का, मला पण आहे. संक्रांतीपासून. बोराएवढी."

"आणि बोलली नाहीस?"

"पोरीचं जमायचंय ना. कॅन्सरवाल्या घरची पोरगी कोण करंल?"

एका स्वयंपाकघरात आम्ही दिवसभर खांद्याला खांदा लावून राबतो. मला पत्ता नव्हता. स्वतःचा फार राग आला.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "रोते कायकू अम्मा? गाठ कौन बोला? मैं गाढा बोली, गाढा!"

गाढा, म्हणजे दाट. अख्खा जन्म हैदराबादेत गेला, रोज भाजीवाल्याशी दखनी उर्दूत भांडते. पण माणूस भ्यालं की कान मायबोलीचे होतात.

हे दाटपण, डेन्सिटी, नीट समजून घ्या. अशा छातीत चरबी कमी आणि ग्रंथींचं, धाग्यांचं जाळं जास्त असतं. हाताला कळत नाही, फोटोतच दिसतं. तो आजार नव्हे, पण धोका थोडा वाढतो. शिवाय जाळं फोटोत पांढरं आणि गाठही पांढरी, त्यामुळे गाठ लपते. म्हणून माझी सोनोग्राफीही केली, म्हणजे आवाजाच्या लहरींनी तपासणी. काही निघालं नाही. मला नाचावंसं वाटत होतं, पण त्याआधी मी सुमनचं मनगट धरून तिला आत ढकललं. "इसकू देखो डॉक्टरसाब, इसकू सच्ची में है."

सुमनचं दाट नव्हतं. फोटोत गाठ लख्ख दिसली. मग बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. आठ दिवस वाट पाहिली. कॅन्सरच निघाला, पण काखेपर्यंत पोचलेला नव्हता.

मी ज्वारीचं विचारलंच. एका पिठाची भाकरी खाणाऱ्या आम्ही दोघी, मग असं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विलायतेत हा रोग जास्त, आपल्याकडे कमी. दाटपणही जमातीजमातीत वेगळं. त्यात खाण्याचा हात किती, ते अजून पक्कं ठाऊक नाही. "मगर कम है बोले तो नहीं है, ऐसा नक्को समझो."

ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, पुन्हा आले. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी विसरणार नाही, आणि माझ्या बहिऱ्या कानांचेही नाही. नीट ऐकलं असतं, तर सुमन बोलली नसती.

पुढच्या वर्षी तिच्या पोरीला बघायला नांदेडकडचे लोक आले. आम्ही सगळ्यांनी सुमनला बजावलं होतं, आजाराचं काढू नको. सुमननं चहाचा ट्रे टेकवला आणि उभ्यानंच म्हणाली, "अगोदरच सांगते. मला छातीचा कॅन्सर झालता. दवा झाली, बरी आहे. नक्को वाटत असंल तर चहा पिऊन जावा."

कुणी कप उचलेना. 

मुलाच्या आईनं पुरुषांकडे एकदा बघितलं, पदर सावरला आणि उठून सुमनच्या जवळ आली. हळूच म्हणाली, "विहीणबाई, जरा आत येता का? मला पण छातीत काहीतरी हाताला लागतंय."