दसऱ्याचा फोटो आणि चारशेची फिल्म

शाळा माझी चौथीतच सुटली, पण फिल्मच्या बाबतीत मले कोणी शिकवू नये. काळ्या-पांढऱ्या फोटोसाठी कोणती फिल्म लावायची, ते मी समोरचा उजेड आणि समोरचा माणूस पाहून ठरवतो. उन्हात निवांत बसलेल्या माणसाला शंभर नंबरची. ती उजेड सावकाश पिते, पण चेहरा कसा लोण्यासारखा उतरतो! अंधाऱ्या मांडवात, धावत्या पोट्ट्यांना चारशे नंबरची. ती झटक्यात काम करते, पण फोटोवर बारीक दाणे येतात, तोंडावर रवा सांडल्यासारखे. म्हणून चारशेची मी सहसा हातात धरत नाही.

हिंदी मुलखातल्या आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात एक रीत आहे. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं देऊन झालं की आम्ही सगळे म्हातारे देवळासमोरच्या ओट्यावर दोन रांगांत बसतो. कॅमेरा तिपाईवर लावून फोटो मी काढतो. फिल्मवर, काळा-पांढरा. मोबाईलवाल्यांनी बाजूला उभं राहावं. तो फोटो आमच्या मराठी मंडळाच्या हॉलात लागतो, आणि आजवरचा प्रत्येक फोटो शंभरच्या फिल्मवरचा.

माझा एक जुना दोस्त टेलर आहे. कात्री अजून झकास चालवतो, पण मान हलत राहते त्याची. संध्याकाळी ओट्यावर सावली असते. दोन्ही रांगा साफ यायच्या तर शंभरच्या फिल्मसाठी कॅमेऱ्याचा पडदा जरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. मागच्या वर्षी तेवढ्यात त्याची मान हलली. फोटोत सगळे ठाकठीक, आणि ह्याच्या खांद्यावर दोन तोंडं! हॉलात कोणीतरी बोललं, "रावण जळाला कुठं? इथं बसला आहे." सगळे हसले. तोही हसला.

पण या वर्षी नवरात्रात त्याच्या दुकानात गेलो, तर शिलाई न थांबवता म्हणतो, "मी फोटोत बसत नाही. सोनं देईन न घरी जाईन."

"काहून?"

"दोन तोंडं झाली. आता दहा होऊ देऊ काय?"

"जराशी धरून ठेव ना मान."

"धरली की जास्त हलते. तुझी जीभ राहते का धरून?"

घरी आलो तो डोक्यात तेच. फ्लॅश मारावा तर साऱ्यांचे चष्मे चमकतात. दुपारच्या उन्हात बसवावं तर डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. आणि त्याच्याशिवाय पुढची रांग म्हणजे पडलेला दात.

बायको मेथी निवडत होती. म्हणाली, "चारशेची लावा न मग."

"रवा येते तोंडावर."

"रवा रवा करून राहिले! रव्याचे लाडू तर ताट सरकवून मागता. हॉलात दाणे पाहाले कोण येते? आपला माणूस बसला का नाही, तेच पाहतात लोक."

बाजूला नात बसली होती. तिला मराठी सगळी समजते, पण बोलते हिंदीच. तिनं मोबाईल काढला. "आजोबा, मँगवा दूँ?"

"मंगव. पण शंभरची पण एक मंगव." हार एकदम मानायची नसते.

दसऱ्याला दोस्तानं माझ्या हातात सोनं दिलं आणि वळला. मी म्हणालो, "बस."

"मले माहीत आहे तुझी शंभरची."

"चारशेची भरली आहे."

तो थांबला. ओट्यावरचे सगळे माझ्याकडे पाहायला लागले. "तू? अन् चारशेची?"

"आज उजेड कमी आहे," मी म्हणालो.

सगळ्यांनी वर पाहिलं. उजेड दरसालासारखाच होता. दोस्तानंही वर पाहिलं, मग माझ्याकडे. "हव," म्हणाला, "लय अंधार आहे बाप्पा आज." आणि पुढच्या रांगेत मधोमध जाऊन बसला.

फोटो हॉलात लागला. दाणे आहेत, नाही म्हणत नाही. दोस्त चष्मा पुसून बराच वेळ फोटोसमोर उभा होता, मान आपली हलतच होती. मग मले कोपर मारून म्हणाला, "पाह्य, कसा शांत बसलो मी!"

शंभरची फिल्म कपाटात ठेवली आहे. पुढच्या दसऱ्याला उजेड चांगला असला तर पाहू.