दगडूने दिलेली ओ

संपादकसाहेब, तुमच्या मासिकात गेलं वर्षभर लोकांची भुताखेतांची पत्रं येताहेत आणि ती वाचून मी घरात मोठ्याने हसत आलोय. कोणाच्या मेहुण्याला पिंपळाखाली बाई दिसते, कोणाचा घोडा ओढ्यापाशी अडून बसतो... आणि बघणारा दर वेळी नेमका एकटाच! मी शाळामास्तर. नारळ आणि समई घेऊन पोरांना ग्रहण शिकवणारा. बायकोने माझी दृष्ट काढली तर मीठमोहऱ्या फुकट गेल्या म्हणून तिच्याशी भांडणारा. तेव्हा हे पत्र लिहिताना मलाच लाज वाटते आहे. पण मी सांगतोय ते एकट्याने ऐकलेलं नाही. ठाण्याच्या खाडीवर, दिवसाढवळ्या, शे-दीडशे माणसांनी ऐकलं. त्यातले बरेच जण अजून हयात आहेत, विचारा त्यांना. सांगतीलच असं मात्र नाही.

प्लेग यायच्या सात-आठ वर्षं आधीची गोष्ट. मी राहायला कल्याणला, नोकरी ठाण्याच्या मराठी शाळेत. श्रावणात एके दिवशी कळव्याला पोरांची परीक्षा घ्यायला गेलेलो. खाडीवर पूल आहे, पण तो आगगाडीचा. माणसांनी जायचं ते होडीनेच. परतताना होडीत आम्ही सात जण होतो. आठवडाभर पाऊस कोसळत होता, वरून पाण्याचा लोंढा येत होता आणि त्यात ओहोटी लागलेली. मध्यावर होडी आडवी झाली आणि उलटली. मला पोहता येत नाही.

ठाण्याच्या काठावर तीन कोळी जाळं सांधत बसले होते. हिरा नाखवा, त्याचा धाकटा भाऊ बाळू आणि त्यांच्याच आळीतला एक किरिस्ताव कोळी, दगडू. त्यांनी विचार न करता आपली होडी त्या पाण्यात घातली. सहा जणांना वर घेतलं, काठावर उतरवलं आणि माझ्यासाठी परत आले. मी तोवर वाहत पुलाजवळ गेलेलो, काठावरून दिसणारही नाही इतक्या लांब. दगडूने उडी मारली आणि मला धरलं.

आता जे लिहितोय ते मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. मी दगडूच्या गळ्याला मिठी मारली. दोन्ही हातांनी, अंगातल्या सगळ्या जोराने. होडीतून हिरा ओरडत होता, "दगडू, सोर त्याला. दगडू, सोर." दगडू मला एवढंच म्हणाला, "मास्तर, गला सोरा." मी गळा सोडला नाही. तशातच त्याने मला पुलाच्या खांबापर्यंत रेटत नेलं. खांबाला लोखंडी कडी होती, ती हाताला लागली तेव्हा कुठे मी त्याला सोडलं. वळून बघितलं तर पाण्यावर कोणी नव्हतं. त्याला शोधायला त्या दोघा भावांनी होडी वळवली, ती पुढच्या खांबावर आपटली आणि फुटली. तासाभराने रेल्वेच्या माणसांनी मला दोर टाकून वर ओढलं.

दोघा भावांची प्रेतं तिसऱ्या दिवशी खाली तिवरांच्या झाडीत सापडली. दगडू सापडला नाही.

दिवाळी उलटली. किरिस्तावांचा मेलेल्यांची आठवण करायचा एक दिवस असतो, त्या दिवशी या तिघांसाठी काठावर काहीतरी करावं असं गावात ठरलं. हिंदू, किरिस्ताव, बाजारातले दुकानदार, सगळे एकत्र आले. काठावर तिघांच्या नावांची दगडी फरशी बसवायची, पाद्रीसाहेबांनी प्रार्थना म्हणायची, कोळ्यांनी खाडीला नारळ द्यायचे आणि मग एकेक नाव मोठ्याने वाचायचं. नाव वाचलं की घरच्या माणसाने फरशीवर दिवा ठेवायचा. वाचायचं कोणी? तर मास्तरांनी. त्यांचा आवाज मोठा, आणि त्यांच्यासाठीच तर हे सगळं झालं... असं लोक कौतुकाने म्हणत होते, आणि दर वेळी मी विषय बदलत होतो.

आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत दगडूची आई शाळेत आली. रोजाबाय. बाजारात सुकी मासळी विकायची, आम्ही मासे खाणारे लोक, त्यामुळे तिला मी ओळखत होतो. अपघातानंतर मात्र मी तिच्यासमोर गेलो नव्हतो. मी तिला बस म्हटलं, ती बसली नाही. दारातूनच बोलली.

"मास्तर, उद्या पाद्रीनी ठेवलेला नाव वाचा. घरचा नाव घेव नका."

मी कारण विचारलं. तिने सांगितलं ते असं. देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, त्याचं नाव जुवांव. पण तिची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेलेली, म्हणून याला घरी दगडू म्हणायचे, कोणाची नजर जाऊ नये म्हणून. जुवांव हे नाव फक्त पाद्रींच्या वहीत; त्या नावाने त्याला खाडीवर कधी कोणी हाक मारली नाही, तेव्हा ते वाचलं तर तो वळणार नाही. आणि त्यांच्यात असं आहे की जो पाण्यात राहिला, हाताला लागला नाही, त्याचं नाव वर्षभर काठावर घेत नाहीत. घरातसुद्धा त्याला नुसतं 'तो' म्हणतात.

"तो अजून पाण्यान हाय," ती म्हणाली. "हाक मारली तं ओ देल. नं ज्यानी हाक मारली त्याच्याकरं येल."

मी बरं म्हटलं. पोरांनी काही वेडगळ सांगितलं की जसं म्हणतो तसं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सगळे जमले. ऊन कडक होतं, वारा अजिबात नव्हता. ओहोटी पुरती लागलेली, म्हणजे समोर चिखलच चिखल आणि मधोमध पाण्याचा बारीक पट्टा. चिखलात बगळे चरत होते. त्या दिवशी खाडीत एकही होडी नव्हती, कोळ्यांनी दुखवटा पाळलेला. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे मी याचाच फार विचार केला.

प्रार्थना झाली, नारळ झाले. मी कागद घेऊन उभा राहिलो. हिराचं नाव वाचलं, त्याच्या बायकोने दिवा ठेवला. बाळूचं वाचलं, त्याच्या बापाने ठेवला. मग मी वाचलं, "जुवांव."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "ह्यो कोन?" रोजाबाय दिवा घेऊन पुढे निघाली होती. आणि मला राग आला... कोणाचा ते आजही कळत नाही, बहुधा स्वतःचाच. जो माणूस माझ्यापायी गेला त्याचं नाव त्याच्या गावालाच कळू नये? आणि खरं सांगायचं तर माझ्या कानात गेले तीन महिने तेच एक नाव होतं. मी मान वर केली आणि वर्गात हजेरी घेताना ज्या आवाजात पुकारतो त्या आवाजात म्हणालो, "दगडू."

"ओ..."

पाण्याच्या पट्ट्याकडून आली. दमलेल्या माणसाची, पण स्पष्ट. माझ्या शेजारी पाद्रीसाहेब होते, त्यांनी चटकन तिकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

मग पाण्याच्या कडेचे बगळे उडाले. चार-पाचच. बाकीचे जागेवर. थोड्या वेळाने त्यांच्या अलीकडचे उडाले. मग त्यांच्याही अलीकडचे. एका रेषेत, आमच्या दिशेने, माणूस चिखलातून जेवढ्या सावकाश चालेल तेवढ्या सावकाश. चिखलावर काही दिसत नव्हतं. पाय काढताना चिखल जसा वाजतो तसा आवाज मात्र येत होता, आणि तो मी एकट्याने ऐकला नाही, कारण पोरं रडायला लागली आणि बायका त्यांना उचलून मागे पळाल्या.

"ओ," पुन्हा. आता वीस-पंचवीस हातांवरून. यावेळी त्यात विचारणं होतं. कोणी हाक मारली, असं.

मला पळायचं होतं. तरी मी फरशीपाशीच उभा होतो. खाडीत बुडतानासुद्धा मी इतका भ्यायलो नव्हतो, कारण तेव्हा पाणी कोणाचं काही मागत नव्हतं. हा मागायला येत होता, आणि त्याचा हक्क होता. माझं तोंड उघडलं होतं, त्यातून काय निघणार होतं देव जाणे. तेवढ्यात रोजाबायने माझ्या तोंडावर हात दाबला. मासळीचा वास असलेला, खरबरीत हात. दुसऱ्या हातातला दिवा तिने खाली टाकला आणि चिखलाकडे तोंड करून म्हणाली, "दगडू, मी हाक मारली रं. आय हाय. चल घरा."

चिखलातला आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, आणि फरशीच्या दिशेने न येता जरा डावीकडून, तिच्या बाजूने काठावर चढला. ती वळली, "माझ्या मागं कोनी येव नका," म्हणाली आणि आळीकडे चालू लागली. एकदाही मागे बघितलं नाही. वाट कोरडी ठणठणीत होती. तिच्या मागे दोन हातांवर त्या वाटेवर ओल उमटत गेली.

लोक पांगले. पाद्रीसाहेब एकटेच फरशीपाशी गुडघे टेकून राहिले. मी कल्याणला घरी पोचलो आणि अंथरुणावर पडून रात्रभर दाराच्या कडीकडे बघत होतो.

सकाळी मी ठाण्याला शाळेत न जाता थेट तिच्या घरी गेलो. वाटत होतं, आत काय दिसेल... पण रोजाबाय ओट्यावर बसून बोंबील निवडत होती. डोळे सुजलेले. मी म्हणालो, रोजाबाय, मला तुम्हाला एक सांगायचंय. तिने बोंबील निवडणं चालूच ठेवलं.

"गल्याला मिठी मारलीव ना," ती म्हणाली. "मना ठावं हाय. तो बोलला."

संपादकसाहेब, मी अनेक स्पष्टीकरणं करून बघितली आहेत. 'ओ' म्हणजे पुलावरून आलेला प्रतिध्वनी असेल. बगळे कशानेही उडतात. ओल दिव्यातल्या तेलाची असेल. पण ती मिठी बघणारे दोघेही त्याच दिवशी मेले होते. अपघातानंतर आलेल्या तापात मी बरळलो असेन म्हणावं, तर तो ताप कल्याणच्या घरात, आणि रोजाबाय जन्मात कल्याणला गेली नव्हती. यापुढे माझी मती चालत नाही.

मी ओट्याच्या पायरीवर बसलो आणि रडलो. मग विचारलं, तो रागावलाय का?

"राग कशाला," ती म्हणाली. "बापरा थंडीनी कापत व्हता. एकच विचारत ऱ्हायला. मास्तर वाचला काय? मास्तर वाचला काय?"

मी विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलंत?"

हातातला बोंबील तिने टोपलीत ठेवला, पुन्हा उचलला.

"मी बोलली, नाय रं. मास्तर पन बुरला," ती म्हणाली. "वाचला बोलली असती तं बघायला आला असता तुमच्याकरं. त्याला नुसता बघायचा असंल, पन पाण्यातला मानूस दारान आला का एकटा परत जात नाय. मंग गेला तो. खाली मान घालून गेला."

रोजाबाय प्लेगात गेली. आता हे लिहायला हरकत नाही असं वाटलं. तिच्यानंतर मी किती वेळा तरी त्या काठावर जाऊन उभा राहिलोय. एवढंच ओरडून सांगायचं असतं की दगडू, मी वाचलो रे. भरती असते, माणसं असतात, लख्ख ऊन असतं. मी तोंड उघडतो, आणि भीतीने आवाजच फुटत नाही. मग मी गाडी पकडून कल्याणला परत येतो.