सिरिलचे पंचवीस वर्षं टिकणारे बुश

आमच्या शेजारच्या सिरिल ओल्ड्रॉइडने आयुष्यात कधी एखादी नाजूक वस्तू विकत घेतली असेल, तर ती माझ्या पाहण्यात नाही. बसच्या डेपोत चाळीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढलेला माणूस. बूट घ्यायला गेला तर आधी ते ओल्या धोतरासारखे पिळायचा आणि मग किंमत विचारायचा. एकदा चहाची किटली घेताना तिच्या झाकणाची बिजागरी त्याने इतक्या वेळा उघडली-मिटली, की दुकानातली बाई म्हणाली, "अहो, हिच्यात चहा करणार आहात की हिच्याशी लग्न?"

"लग्न एकदाच केलं," सिरिल म्हणाला. "तेही असंच पारखून."

"तेव्हा बिजागऱ्या बऱ्या होत्या माझ्या," शेजारी उभी असलेली त्याची बायको डोरीन म्हणाली.

पुढे नेमक्या त्याच गेल्या. आजार हाडांत उतरला, पाठीच्या मणक्यात जाऊन बसला. मे महिन्यात डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की उन्हाळ्यात जे करायचं ते करून घ्या. यावर सिरिलने विचारलं, "म्हणजे नक्की कुठल्या महिन्यापर्यंत?" एखादा सुटा भाग कधी येणार हे विचारावं, तसं. डोरीनने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "त्याचं मनावर घेऊ नका. त्याला तारीख लागते."

डोरीनला एकच गोष्ट करायची होती. फाइली नावाच्या गावी जायचं होतं, समुद्रावर. समुद्रावर म्हणजे वाळूत नव्हे. ही दोघं पन्नास वर्षं फाइलीला जात आली होती आणि गाडी पाण्याकडे तोंड करून लावून, काचा बंद करून, आत बसूनच मासे नि बटाट्याचे तळलेले काप खात आली होती. बाहेर पाऊस असला तर उत्तमच, मग बाहेर न पडल्याबद्दल कुणाला काही वाटत नाही. आणि जायचं तेही हेराल्डमधून. हेराल्ड म्हणजे त्यांची बासष्ट सालची फिकट निळी ट्रायम्फ गाडी. पुतण्याने आपली नवी मोठी गाडी देऊ केली होती. डोरीन म्हणाली, "तिच्यात बसलं की दवाखान्याच्या बाकावर बसल्यासारखं वाटतं. तेवढं माझं बसून झालंय."

अडचण एवढीच होती, की हेराल्डचेही सांधे गेले होते. चाकांना धरून ठेवणाऱ्या लोखंडी दांड्यांच्या सांध्यांत रबराची जाड कडी असतात, ते बुश. खड्ड्याचा दणका खाणं हे त्यांचं काम. हेराल्डचे बुश पिचून, तडकून गेले होते. रस्त्यात नाणं पडलेलं असलं, तर ते छापा आहे की काटा हे सीटवर कळायचं. दवाखान्याच्या एका फेरीत डोरीनने वाटेवरचा प्रत्येक खड्डा ओठ चावून मोजला होता.

सिरिलने बुश निवडायला घेतले. तीन आठवडे लागले. एकीकडे रबराचे, पूर्वीसारखे मऊ. आठ-दहा वर्षांत पिचणारे. दुसरीकडे पॉलीचे, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकचे, पिवळेधमक, कडक. तेल लागो, मीठ लागो, ढिम्म राहणारे. दोन्हींचे नमुने खिशात घालून तो फिरायचा. आमच्या दोन परसांमध्ये कमरेएवढी दगडी भिंत आहे, तिच्यावर ते मांडायचा आणि माझ्याकडून नखाने दाबून घ्यायचा.

"रबर मऊ आहे," मी म्हणायचो.

"मऊ आहे म्हणूनच जातं लेका. हे बघ, पंचवीस वर्षं काही होत नाही याला. लिहून देतात."

 तो पंचाहत्तरीचा होता आणि डोरीनला उन्हाळा दिलेला होता. पण पंचवीस हा आकडा तो अशा चेहऱ्याने उच्चारायचा, की जणू गाडीत घातलेली पंचवीस वर्षं गाडीत बसणाऱ्यालाही थोडीफार लागतील.

पिवळे बुश बसले. जुलैच्या एका सकाळी तो डोरीनला घेऊन पोस्टापर्यंत जाऊन आला. गाडी वळणावर कशी रुळावरून गेल्यासारखी वळली, हे तो मला भिंतीवरून सांगत होता. डोरीन अजून गाडीतच होती. चेहऱ्याचा रंग उडालेला, दोन्ही हात सीटच्या कडेला घट्ट. तिला उतरून ओट्यावर येऊन बसायला वीस मिनिटं लागली.

"छान झालीय," ती म्हणाली.

 सिरिल तिच्या शेजारी बसला.

"लागतंय?"

"कडक आहे थोडी." तिने पाठ भिंतीला टेकवली. "किती टिकणार म्हणालास हे?"

"पंचवीस वर्षं."

"मला सप्टेंबरपर्यंत पुरतील असे आण ना रे."

मी भिंतीपलीकडे घेवड्याच्या वेलात तोंड घालून उभा होतो. कुणालाच वर बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सिरिलने पिवळे बुश काढले. रबरी आले. रबराची एक खोड असते. गाडी जॅकवर लटकती ठेवून नट आवळला, तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकं जमिनीवर हवीत आणि गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकाप्रमाणे पुढच्या दोन्ही सीटवर दीडशे-दीडशे पौंड वजन हवं. सिरिलने पुस्तकाबाहेर कधी नट फिरवलेला नव्हता. तो गॅरेजच्या फरशीतल्या खड्ड्यात उतरला. चालवणाऱ्याच्या जागी मला बसवलं; माझं वजन जेवण धरून तेवढं भरत होतं. डाव्या सीटवर डोरीन उशीला टेकून बसली. आदल्याच दिवशी नर्सने तिचं वजन केलं होतं. ब्याण्णव पौंड.

"अठ्ठावन्न कमी पडतात," खालून सिरिल म्हणाला. "तुझ्याकडे बटाट्याचं पोतं आहे ना? आण."

"म्हणजे मी आणि बटाटे मिळून एक बाई होणार?" डोरीन म्हणाली.

मी हसलो आणि लगेच हसायचा थांबलो.  मी दार उघडून उतरू लागलो.

"राहू दे पोतं," सिरिल म्हणाला.

"अहो, पण पुस्तकात..." मी म्हणालो.

"पुस्तक लिहिणाऱ्याला डोरीन माहीत नव्हती. बटाटे काही फाइलीला येणार नाहीत."

"मग तिकडची बाजू आधी झिजेल."

"झिजू दे."

नट आवळल्याचे आवाज आले, एकामागून एक. शेवटचा आवळून झाल्यावरही तो बराच वेळ वर आला नाही. आम्ही दोघं समोरच्या भिंतीवर टांगलेल्या हातोड्यांकडे बघत बसलो.

"हॉर्न वाजवू का?" डोरीनने हळूच विचारलं.

"नको," मी म्हटलं.

ऑगस्टच्या एका मंगळवारी ते गेले. पाऊस होता. डोरीनने चार काप खाल्ले, बाकीचे हातात गरम धरून ठेवले. परतीच्या वाटेवर रेल्वेचं फाटक आहे, तिथे रूळ रस्त्याच्या वर आलेले आहेत. सिरिलने गाडी माणसाच्या चालीने नेली, मागचे भोंगे वाजवत राहिले. पलीकडे गेल्यावर त्याने विचारलं, लागलं का? ती नाही म्हणाली. मऊ आहे, म्हणाली. मग घरापर्यंत डोळे मिटून होती.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात डोरीन गेली.

याला आता दोन वर्षं झाली. सिरिल अधूनमधून भिंतीपाशी येतो. घेवडा कसा आहे विचारतो, हवेला नावं ठेवतो आणि जाता जाता थांबतो.

"त्या फाटकावर लागलं असेल का रे तिला?"

"नाही लागलं," मी म्हणतो.

"तू होतास कुठे गाडीत?" तो म्हणतो, आणि घरात जातो.