आबा रोज सहाला येतात

कडेगावच्या वाचनालयाचा फळा वाचणाऱ्या मंडळींनो, आजचंच लिहितोय.

इंग्रजीच्या तासाला वेळ सांगायला शिकवत होतो. किती वाजले ते सांगायचं तर ॲट, वाराला ऑन, महिन्याला इन. मग मुलांना घरातली वाक्यं लिहायला लावली.

सखूनं लिहिलं, 'आबा ॲट सिक्स येतात. ऑन संडे पण येतात.' चूक एकही नाही. पण आबा, म्हणजे तिचे वडील, लढाईत गेल्याची तार जूनमध्ये मीच वाचून दाखवली होती.

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेलो. सहा वाजले. दारातलं कुत्रं उठलं आणि मोकळ्या वाटेकडं बघून शेपूट हलवायला लागलं. आतून आईनं विचारलं, "सखे, आलं का गं आबा?"

"आलं की. संगं मास्तर बी हायती."

वहीत मी बरोबरची खूण केलीय. तुम्ही असता तर खोडली असती का?